दोर ओढून घेण्याआधी

सूर्याजी मालुसऱ्याने सिंहगडावर परतीचे दोर कापले, ही गोष्ट आपण चौथीच्या इतिहासात वाचलेली असते. कॅन्यनिंग समजावून सांगायला मला तिच्याइतकं सोपं उदाहरण अजून सापडलेलं नाही. डोंगरातल्या ओढ्याच्या घळीत वरच्या बाजूने शिरायचं आणि पाण्यासोबत खाली जायचं. मध्ये कातळाचा उभा टप्पा आला की दोरावरून उतरायचं, म्हणजे रॅपलिंग करायचं. शेवटचा माणूस खाली आला की दोर खालून ओढून घ्यायचा, कारण पुढच्या टप्प्याला तोच लागणार असतो. दोर सळसळत डोहात पडला की वर जायची वाट संपली. दोन्ही बाजूंना कातळ, मागे धबधबा. आता बाहेर पडायचं ते खालच्याच टोकाने.

दिवाळीत भाचा विचारत होता, "मामा, रांगणा झाला, पन्हाळा-पावनखिंड दोनदा झाली. ह्यात वेगळं काय हाय?"

वेगळं एवढंच, की पावनखिंडीच्या वाटेवर गुडघा धरला तर एखाद्या वाडीत टेकून जीप बोलावता येते. घळीत पहिला दोर ओढल्यावर गुडघा धरला, तर तो तसाच घेऊन उरलेले पाच टप्पे उतरावे लागतात. ट्रेकमध्ये वाटेत चुका सुधारता येतात. इथे जे काही ठरवायचं ते पहिला दोर ओढण्याआधी, आणि खरं सांगायचं तर घर सोडण्याआधीच ठरवायचं. मार्गदर्शक सोबत घ्यायचा तोही यासाठीच. दोर बांधायला तर चार रविवारांत शिकता येतं.

आपल्या भागात हा खेळ का जमतो, ते आधी सांगतो. सह्याद्रीचा कातळ म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. काही थर टणक, काही ठिसूळ. पाणी ठिसूळ थर लवकर खातं, टणक थर कड्यासारखा उभा राहतो. म्हणून आपले ओढे उतारावरून घसरत येत नाहीत, जिन्यासारखे पायऱ्या-पायऱ्यांनी पडतात, आणि प्रत्येक पायरीखाली डोह कोरलेला असतो. अहिल्यानगर (पूर्वीचा नगर) जिल्ह्यातली साम्रदजवळची सांदण दरी बहुतेकांनी निदान फोटोत पाहिलेली असते. आपल्याकडे गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या डोंगरात अशा घळी आहेत. मी मुद्दाम नावं लिहीत नाही. नाव छापलं की पुढच्या रविवारी तिथे चाळीस जण चपला घालून उभे असतात.

आता पाणी. या सगळ्या विषयात समजून घेण्यासारखी एकच अवघड गोष्ट आहे, ती ही. बाकीचं सामान आहे, ते भाड्याने मिळतं.

आपण कोल्हापूरकर पुराला सरावलेली माणसं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण पंचगंगेचा पूर सांगून येतो. तासाला दोन-चार इंच चढतो, माणसं जनावरं सोडवतात, सामान माळ्यावर टाकतात. त्या सवयीमुळे आपल्याला वाटतं, पाणी वाढायला लागलं की बघू. घळीत 'बघू'ला जागा नसते.

हिशेब करून बघा. नोव्हेंबरातला एक मध्यम ओढा धरा: दोन मीटर रुंद, गुडघ्याच्या खाली म्हणजे तीस सेंटिमीटर खोल, सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहणारा. त्यातून सेकंदाला तीनशे लिटर पाणी जातं. धरणाच्या बातम्यांमधला क्यूसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर, तेव्हा हा ओढा झाला दहा-अकरा क्यूसेकचा. यात मजेत चालता येतं. आता या ओढ्याला ज्या डोंगरउतारांवरून पाणी मिळतं, तो पाणलोट फक्त दोन चौरस किलोमीटरचा धरा. त्यावर तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला, तर पडलेलं पाणी होतं दहा कोटी लिटर. निम्मं जमिनीत मुरलं, झाडांनी अडवलं असं म्हणू. उरलेलं पाच कोटी लिटर तासाभरात त्याच दोन मीटरच्या फटीतून जायचं म्हटलं, तर अकरा क्यूसेकचा ओढा चारशे नव्वद क्यूसेकचा होतो. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्यूसेक सुटतात. म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा, आणि तुम्ही मध्ये उभे. प्रत्यक्षात पाणी इतकं नेमाने येत नाही, काही उशिरा पोहोचतं. पण हा आकडा निम्मा केला तरी कोण उभा राहील? पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, म्हणून गुडघाभर पाणीही गड्याला आडवा करतं.

यातली खरी मेख अशी, की हा पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरज नाही. घळीतून वर बघितलं तर आभाळाची एक पट्टी दिसते, ती निळीच असते. पाऊस मागच्या डोंगरावर. २७ जुलै १९९९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या सॅक्सेटबाख ओढ्यात असाच वरच्या खोऱ्यातल्या वादळी पावसाचा लोंढा आला आणि २१ जण गेले. त्यात तीन मार्गदर्शक होते. पुढे आयोजक कंपनीतल्या सहा जणांना न्यायालयाने दोषी ठरवलं, आणि २०१४ पासून त्या देशात अशा साहसी व्यवसायांसाठी वेगळा कायदा लागू झाला. लांबचं कशाला, ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकमेकांना धरून उभं असलेलं कुटुंब आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. पाच जण गेले. तिथे तर दोरही नव्हता, घळही नव्हती.

म्हणून हवामानाचा अंदाज वाचायची पद्धत बदलावी लागते. हवामान खातं २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला मुसळधार म्हणतं. शेताला आणि धरणाला तो हिशेब पुरतो. आपल्याला मात्र तोच पाऊस दिवसभर झिमझिमला की दुपारी तीन ते चारमध्ये कोसळला, हे हवं असतं. शिवाय शहरावरून अंदाज बांधू नये. कोल्हापुरात वर्षाला हजारेक मिलिमीटर पाऊस, तर पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात त्याच्या पाचपट. इशाऱ्यात 'कोल्हापूर घाट' असं वेगळं लिहिलेलं असतं, ती ओळ आपली. आणि वर एखादा धनगरवाडा असेल तर तिथल्या म्हाताऱ्याला विचारायला लाजू नये. कुठल्या बाजूचं ढग आलं की कुठला ओढा फुगतो, हे तो चहा पिता पिता सांगतो.

या हिशेबातून हंगाम आपोआप ठरतो. जून ते सप्टेंबर घळीत उतरायचं नाही, कितीही जाहिराती येऊ देत. पावसाळ्यात मोकळ्या धबधब्याच्या कडेने दोरावरून उतरवतात, तो वेगळा खेळ. तिथे बाजूला सरकून बाहेर पडता येतं. ऑक्टोबरात ओढे सुंदर असतात, पण परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडत येतो, त्यामुळे उतरायचं तर छोट्या घळीत आणि जेवणाआधी बाहेर. नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबर हा आपला खरा काळ. जानेवारीनंतर बरेच ओढे आटतात, डोहातलं पाणी साचून हिरवं होतं. एप्रिल-मे मध्ये वळीव असतो, त्याबद्दल आपल्याला कोणी शिकवायला नको.

घळ सोपी की अवघड हे सांगायला फ्रान्समधली एक पद्धत जगभर चालते. तीन खुणा असतात. 'व्ही' म्हणजे उभ्या कातळाची अवघडाई, एक ते सात. 'ए' म्हणजे पाण्याची अवघडाई, तीही एक ते सात. तिसरा एक रोमन आकडा, एक ते सहा. आयोजक पहिल्या दोन आकड्यांबद्दल भरभरून बोलतात, 'तीस मीटरचं रॅपलिंग आहे सर!' मी तिसऱ्याबद्दल विचारतो. कारण लोंढा आला तर पाण्याच्या आवाक्याबाहेर पोहोचायला किती वेळ लागेल, हे तो आकडा सांगतो. रोमन दोन म्हणजे पंधरा मिनिटांच्या आत उंचावरच्या सुरक्षित जागी जाता येतं, तीन म्हणजे अर्ध्या तासात, चार म्हणजे तासाभरात. पहिल्यांदा जाणाऱ्याने दोनच्या पुढे जाऊ नये. आपल्याकडच्या अनेक घळींना असे आकडे कोणी लावलेले नाहीत. मग प्रश्न साध्या मराठीत विचारायचा: "दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मध्ये पाणी वाढलं तर आम्ही कुठं जाऊन उभं राहायचं?" ज्याला घळ माहीत आहे तो लगेच सांगेल, डाव्या अंगाला उंबराखाली कातळाचा ओटा आहे. जो "काळजी करू नका, तसं काही होत नाही" म्हणेल, त्याला नमस्कार करून फोन ठेवावा.

कागदपत्रांचंही बघावं. महाराष्ट्रात २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आलं आणि अशा सहली नेणाऱ्याला पर्यटन विभागाकडे नोंदणी बंधनकारक झाली. नोंदणी, विमा, प्रथमोपचार शिकलेली माणसं, हे विचारण्यात संकोच नको. घळ राखीव जंगलात किंवा राधानगरी अभयारण्यात येत असेल तर वनखात्याची परवानगी लागते. "गावातला माणूस ओळखीचा आहे" ही परवानगी नव्हे. पण कागद पुरे असूनही माणूस कच्चा असू शकतो, म्हणून माझा आणखी एक प्रश्न ठरलेला आहे: "शेवटची सहल तुम्ही कधी रद्द केलीत?" ज्याने एकदाही रद्द केलेली नाही त्याच्याबरोबर मी जात नाही. आणि दुसरा: "यंदाच्या पावसाळ्यानंतर या घळीत कोण उतरलंय?" दर पावसाळ्यात डोहांची खोली बदलते, ओंडके अडकतात, कातळात ठोकलेले बोल्ट दगडगोट्यांनी वाकतात. मागच्या वर्षीची माहिती मागच्या वर्षीच्या डोहाची.

माणसं किती असावीत, याचा हिशेब मात्र कोणी करत नाही. वीस मीटरच्या टप्प्यावर एका नवख्या माणसाला दोर अडकवणं, धीर देणं, उतरणं, खाली सुटणं, सगळं धरून सहा मिनिटं लागतात. आठ जण असतील तर एका टप्प्याला पाऊण तासाहून जास्त. सहा टप्पे म्हणजे जवळपास पाच तास, वर चालण्या-पोहण्याचा वेळ. सकाळी नऊला घळीत शिरलात तर चारपर्यंत बाहेर. आता वीस जणांची बॅच करा. प्रत्येक टप्प्याला दोन तास, सहा टप्प्यांना बारा. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि घळीत त्याच्या तासभर आधीच अंधारतं. स्वस्तातली मोठी बॅच महाग पडते ती अशी. सहा-आठ माणसं, पुढे एक मार्गदर्शक, मागे एक. याच्या पलीकडे मी जात नाही.

दोराबद्दल दोन गोष्टी जवळून दाखवतो, म्हणजे चांगला मार्गदर्शक ओळखता येईल.

कोरड्या कड्यावर रॅपलिंग करताना दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारतात, माणूस टोकावरून निसटू नये म्हणून. वाहत्या पाण्यात उतरताना ती गाठ मारत नाहीत. दोराची लांबी वरून अशी सोडतात, की टोक खालच्या डोहाला जेमतेम टेकेल. कारण धबधब्याखालच्या खळबळाटात गाठीपाशी अडकलेला माणूस तिथेच गटांगळ्या खातो. गाठ नसेल तर तो टोकावरून आपसूक सुटून पोहत बाजूला होतो. दुसरं, वरचा दोर असा बांधलेला असतो की माणूस मध्येच अडकला, केस किंवा पट्टा उतरण्याच्या यंत्रात गुंतला, तर मार्गदर्शक वरूनच दोर सैल सोडून त्याला खाली घेऊ शकतो. कातळातल्या खुंट्याला दोर पक्का बांधून मोकळा झालेला गडी दिसला, तर त्याला विचारा: "मी धारेखाली अडकलो तर वरून काय करणार?" धारेखाली सापडलाच तर हनुवटी छातीला लावायची. हेल्मेटच्या पुढे हवेचा छोटा पोकळ कोपरा तयार होतो, तेवढ्यात श्वास घेता येतो.

माझ्या पहिल्याच घळीत तिसऱ्या टप्प्यावर दोर ओढताना तो वर कुठल्याशा फटीत अडकला. आयोजकाकडे दुसरा दोर नव्हता. नऊ जण ओल्या अंगाने दीड तास एका ओट्यावर बसलो. मधल्या वेळात माझ्या ओल्या जीन्सने जी थंडी दिली, ती मी विसरलेलो नाही. पाणी अंगातली उष्णता हवेच्या जवळपास पंचवीसपट वेगाने ओढून नेतं, त्यामुळे कोल्हापूरच्या उन्हाळ्यात वाढलेला माणूसही सावलीतल्या डोहात तासाभरात थडथडायला लागतो. ओठ निळे पडणं आणि माणूस एकदम गप्प होणं, ही दोन लक्षणं एकमेकांवर नजर ठेवून बघायची. शेवटी एक जण कसाबसा कातळ चढून गेला, त्याने दोर सोडवला. पुढे कळलं, की शेवटचा माणूस वर असतानाच खालच्याने दोर ओढून बघायचा असतो, तो सरकतोय याची खात्री झाली की मगच त्याने उतरायचं. दहा सेकंदांचं काम.

सामानाचं थोडक्यात. हेल्मेट आणि हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा कमर-मांड्यांचा पट्टा, आयोजक देतो. हार्नेसच्या शिवणी स्वतः डोळ्यांनी बघा. निओप्रीनचा, म्हणजे ओल्यातही ऊब धरणारा रबरी सूट मिळत असेल तर घ्या, नसेल तर अंगाला घट्ट बसणारे, लवकर वाळणारे कपडे. सुती काही नको. बूट जुने पण तळ चांगला पकडणारे. शेवाळावर कोणताच बूट टिकत नाही, तिथे बसून सरकायचं, लाज बाळगायची नाही. गूळ-शेंगदाणे आणि भडंग झाकणाच्या बरणीत. कोरडे कपडे आणि पायताण खालच्या गाडीत.

'खालच्या गाडीत' म्हणालो, कारण हेही आपल्या भागाचं एक वैशिष्ट्य. पश्चिमेकडे तोंड असलेली घळ वर कोल्हापूर जिल्ह्यात सुरू होते आणि खाली सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरी जिल्ह्यात संपते. गगनबावड्याला गाडी लावून उतरलात तर ती करूळ किंवा भुईबावडा घाटाच्या माथ्यावर, आणि तुम्ही खाली ओले. दुसरी गाडी आदल्या रात्री खाली ठेवा, नाहीतर ड्रायव्हरला सांगून ठेवा. घळीत मोबाइलला रेंज नसते. म्हणून घरच्या एका माणसाला कागदावर लिहून द्यायचं: कुठून शिरणार, कुठे निघणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला फोन करायचा. वेळ ठरवताना दोन तास वरचे धरा, नाहीतर आई पाच वाजताच पोलिस पाटलाला उठवते.

"पण मी पंचगंगेत पोहतोय की, घाटावरनं उड्या मारतोय," भाचा म्हणाला. पोहता येतं हे उत्तमच. फक्त धबधब्याखालच्या पांढऱ्या फेसात हवा मिसळलेली असते, त्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही. आणि उडी मारायची ती मार्गदर्शक आधी डोहात उतरून खोली बघून आल्यावरच, पाय जुळवून, पायांवरच. सूर मारणं बंद. पाय आणि घोटे मोडतात ते उड्यांमध्येच. कोणाला उडी नको असेल तर तिथे दोर लावून द्यायला हवा; चेष्टा करून उडी मारायला लावणारा मार्गदर्शक नको.

आणखी दोन धोके परदेशी माहितीत सापडणार नाहीत. एक, कड्याला लटकलेली आग्या मोहोळं. अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको, आणि मोहोळ जवळ दिसलं तर ती घळ त्या दिवशी सोडायची. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही. दुसरं, ओढ्याकाठच्या फांद्यांवर आणि खडकांवर बसणारा मलबारी चापडा हा विषारी साप. हात टाकण्याआधी जागा बघायची, एवढंच.

गेल्या नोव्हेंबरात भाच्याला घेऊन निघालो. पहाटे पाचला रंकाळ्यावरून गाडी सुटली, साडेसहाला गगनबावड्यात. मार्गदर्शकाने आम्हाला चहा घ्यायला लावलं आणि स्वतः ओढ्यावर जाऊन आला. काल संध्याकाळी त्याने पाण्याच्या कडेला एक चपटा दगड ठेवला होता. तो आता चार बोटं पाण्याखाली होता, आणि पाणी किंचित गढूळ. रात्री वर कुठेतरी सर झाली होती.

"आज नको," तो म्हणाला.

भाच्याचं तोंड बघण्यासारखं झालं. आभाळ तर धुतल्यासारखं स्वच्छ. सगळ्यांनी वडे खाल्ले, गगनगडावर जाऊन आलो, दुपारी दोनला परत कोल्हापूर. संध्याकाळपर्यंत पावसाचा थेंब पडला नाही. भाच्याने ते मला दोनदा सांगितलं. गाडीभाडं गेलं, बाकी पैसे मार्गदर्शकाने पुढच्या तारखेला वळवून घेतले. ती तारीख होती डिसेंबरचा दुसरा रविवार.